ते तेल शेवटी जातं कुठे?

आउटबोर्ड मोटर म्हणजे होडीच्या मागे बाहेरून बसवायचं इंजिन. तिच्या तेलाबद्दल गेल्या काही महिन्यांत इतकी पत्रं आली आहेत की या वेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलं आहे. पत्रं थोडी आखडली आहेत आणि नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, नमस्कार. मामांची १५ अश्वशक्तीची टू-स्ट्रोक आउटबोर्ड आता माझ्याकडे आली आहे. सोबत पुस्तिका नाही. घरात जुन्या स्कूटरच्या टू-स्ट्रोक तेलाचा अर्धा डबा पडून आहे. स्कूटरही टू-स्ट्रोक, मोटरही टू-स्ट्रोक; मग तेच तेल पेट्रोलमध्ये घातलं तर काय बिघडेल? ‘बोटीचं वेगळं तेल’ हा नुसता विकण्याचा प्रकार आहे का?

उत्तर : विकण्याचा प्रकार नाही. तो डबा बाजूला ठेवा.

माझ्या कामाच्या टेबलावर एक पिस्टन आहे. त्याच्या माथ्याला, मध्यापासून जरा बाजूला, करंगळी आरपार जाईल एवढं भोक आहे. भोकाच्या कडा मेण वितळावं तशा आत ओघळल्या आहेत. उरलेल्या माथ्यावर राखाडी-पांढुरका थर आहे, नखाने खरवडला तर खडूसारखा निघतो. ती मोटर मीच जुळवून दिली होती. मालकांनी नेताना विचारलं, “ताई, स्कूटरचं तेल आहे घरी, चालेल ना?” मी हातातलं काम न थांबवता म्हणाले, “टू-स्ट्रोकच आहे ना, चालेल.” काही महिन्यांनी ती मोटर भर पाण्यात बंद पडली आणि दोन माणसं वल्ही मारत मारत अंधार पडता पडता काठाला लागली. मोटर उघडली तेव्हा हा पिस्टन हातात आला. तेव्हापासून तेलाचं कुणी काही विचारलं की मी आधी हातातला पाना खाली ठेवते.

कुठल्याही तेलाबद्दल मी पहिल्यांदा एवढंच बघते, की हे तेल शेवटी जातं कुठे. टू-स्ट्रोकमध्ये ते जळून जातं. पेट्रोलबरोबर कार्ब्युरेटरमधून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोटात शिरतं, क्रँक आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना भिजवतं, मग सिलिंडरच्या भिंतीवर चढतं आणि तिथे पेट्रोलबरोबर पेटून धुराच्या वाटेने बाहेर पडतं. एकदा गेलेला थेंब परत येत नाही. म्हणून या तेलाला दोन कामं नीट जमली पाहिजेत. आहे तोवर वंगण द्यायचं आणि जाताना मागे काही ठेवायचं नाही. आउटबोर्डमध्ये घोटाळा होतो तो या दुसऱ्या कामात.

स्कूटरचं इंजिन हवेवर थंड होतं, त्यामुळे ते खूप तापतं. त्या तापात पिस्टन स्वच्छ राहावा म्हणून तिच्या तेलात धातूचे क्षार असलेले घटक घालतात. ते जळले की राख उरते. आता आउटबोर्डचं बघा. होडी एकदा सुटली की हँडल पिळलेलंच राहतं. उतार नाही, सिग्नल नाही, मध्ये दम खाणं नाही. मिनिटाला ५,००० च्या वर फेरे, तेही तासन्‌तास. अशा चालण्यात ती राख पिस्टनच्या माथ्यावर बसते, तापून लाल होते आणि ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटवून देते. पिस्टन वर चढत असतो आणि वरून स्फोट त्याला खाली दाबत असतो. अॅल्युमिनियमला हे फार वेळ सोसत नाही. माझ्या टेबलावरचं भोक असंच पडलं.

शिवाय आउटबोर्ड बाहेरचं थंड पाणी आत घेऊन चालते. तिचा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याची वाट मोकळी करणारी झडप, साधारण ५० ते ६० अंशांच्या आसपास उघडतो, गाडीचा ८० ते ९० ला. इतक्या थंड इंजिनात अर्धवट जळलेलं तेल पिस्टनच्या रिंगांच्या खाचांत चिकटसर होऊन बसतं आणि रिंगा अडकतात. म्हणून आउटबोर्डच्या तेलात राख न करणारे, पण गारव्यातही रिंगा मोकळ्या ठेवणारे घटक लागतात, आणि मोटर उभी असताना आत गंज धरू न देणारेही. असं तेल स्कूटरच्या डब्यात मिळत नाही.

डब्यावर ‘टीसी-डब्ल्यू३’ ही अक्षरं शोधा. टू-सायकल, वॉटर-कूल्ड यांची ती आद्याक्षरं. अमेरिकेतल्या नॅशनल मरीन मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनचं हे प्रमाणन आहे आणि प्रमाणित तेलाच्या डब्यावर ‘आरएल’ने सुरू होणारा क्रमांक असतो. एका ठिकाणी फसायला होतं, तिथे सावध राहा. ‘एपीआय टीसी’ असाही एक दर्जा असतो, एपीआय म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा. नाव जवळजवळ तेच, पण तो हवेवर थंड होणाऱ्या इंजिनांसाठी आहे. ‘जासो एफबी’, ‘एफसी’, ‘एफडी’ ही जपानी दर्जाची अक्षरंही तशाच इंजिनांसाठी. ‘डब्ल्यू’ दिसला नाही तर डबा परत मांडणीवर. उलटंही करू नका : टीसी-डब्ल्यू३ तेल स्कूटरला किंवा झाडं कापायच्या करवतीला घालू नका. तिथल्या तापाला ते पुरत नाही.

आता पुस्तिकेचं. होडीला मोटर जिथे आवळून बसते त्या ब्रॅकेटवर एक छोटी पट्टी असेल. मीठ चढलं असेल तर ओल्या फडक्याने पुसा. मॉडेल आणि सिरियल क्रमांक तिथे मिळतो, आणि त्यावरून कंपनीकडून तेलाचं प्रमाण कळतं. आजच्या बऱ्याच टू-स्ट्रोक मोटारी ५०:१ वर चालतात हे खरं, पण तुमची त्यातलीच आहे हे पट्टी वाचल्याशिवाय धरून चालू नका. मामांना फोन करून ते किती घालत होते तेही विचारा. मात्र शेवटचा शब्द पट्टीचा.

प्रश्न : आमच्या मोटरवर ५०:१ लिहिलं आहे. भाऊ म्हणतो, “तेल हे इंजिनचं रक्त, जास्त घातलं तर जास्त टिकेल,” आणि अंदाजाने जवळपास दुप्पट ओततो. प्लग पंधरा दिवसांत काळा पडतो, धूर डोळ्यांत जातो. मी मोजून घालावं म्हणते. कोण बरोबर?

उत्तर : तुम्ही. पण भाऊंची काळजी खोटी नाही. तेल कमी पडलं तर पिस्टन सिलिंडरला धरतो, मोटर जाम होते, आणि हे काही मिनिटांत होऊ शकतं. म्हणून माणूस घाबरून जास्त ओततो.

जास्त ओतल्याने काय होतं ते बघा. कार्ब्युरेटरच्या जेटचं भोक ठरलेलं असतं. त्यातून जेवढं द्रव जायचं तेवढंच जाणार. त्यात तेलाचा वाटा वाढवला की पेट्रोलचा वाटा घटतो, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. मिश्रण पातळ झालं की जळण जास्त गरम होतं. वाचवायला म्हणून तेल वाढवलं आणि इंजिन उलट तापलं, असं होतं. त्यावर काजळी, काळा प्लग, एग्झॉस्टच्या वाटेत जमणारं कीट. तुमच्या डोळ्यांत जाणारा धूर म्हणजे भाऊंनी ओतलेलं जादा तेल.

हिशेब सोपा आहे. ५०:१ म्हणजे एका लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल. १२ लिटरच्या टाकीला २४०, २४ लिटरच्या टाकीला ४८०. २५:१ असेल तर लिटरला ४०, १००:१ असेल तर १०. औषधाच्या बाटलीसारख्या खुणा असलेलं एक माप घ्या आणि ते टाकीच्या पट्ट्याला दोरीने बांधून ठेवा. माझ्याकडे बिघडून येणाऱ्या टू-स्ट्रोक मोटारींचं मूळ बऱ्याचदा एकाच वाक्यात असतं : “माप मिळालं नाही म्हणून अंदाजाने घातलं.”

अर्धी भरलेली टाकी पुन्हा भरताना हिशेब चुकतो, हे भाऊंनाही सांगा. आत जे उरलं आहे त्यात तेल आधीच आहे. नव्याने घातलेल्या पेट्रोलपुरतंच तेल मोजायचं. ‘टाकी २४ लिटरची, घाल ४८०’ असं दर वेळी केलं की मिश्रणात तेल वाढत जातं. तेल जास्त झालंय म्हणून पुढच्या वेळी कुणी नुसतंच पेट्रोल भरलं, की मग खरा धोका.

ओतायचाही क्रम आहे. आधी थोडं पेट्रोल, मग सगळं तेल, झाकण लावून टाकी चांगली हलवायची, मग उरलेलं पेट्रोल, आणि पुन्हा हलवायचं. रिकाम्या टाकीत आधी तेल ओतलं तर ते तळाशी, नेमकं नळीच्या तोंडापाशी बसतं. मोटर सुरुवातीला तेलच पिते आणि नंतर कोरडी चालते. थंडीत तेल दाट होतं, तेव्हा आणखी जास्त हलवायचं. सगळं टाकी होडीतून खाली काढून, मोकळ्या हवेत.

प्रश्न : नव्या मोटरवर १००:१ लिहिलं आहे. शेजारच्या होडीवाल्यांची खूप जुनी मोटर २४:१ वर चालते. एवढा फरक कसा? छापताना चूक झाली असेल का?

उत्तर : चूक नाही. जुन्या मोटारींत बऱ्याच ठिकाणी बेअरिंगऐवजी कांस्याची बुशिंग असायची. तिथे धातूवर धातू घासतो, म्हणून तेलाचा जाड थर लागतो. नव्या मोटारींत सुईसारख्या रोलरची बेअरिंग असतात. त्यांना थोडं तेल पुरतं, आणि तेलंही सुधारली. शेजाऱ्यांना एवढंच सांगा, की तेल आधुनिक टीसी-डब्ल्यू३ घ्या, पण प्रमाण जुनंच ठेवा. काही जण ‘तेल सुधारलं’ म्हणून जुन्या मोटरलाही ५०:१ देतात. तेल सुधारलं, बुशिंग आहे तेच आहे. आणि तुमच्या मोटरचे पहिले काही तास पुस्तिकेत वेगळं, जास्त तेलाचं प्रमाण दिलेलं असण्याची शक्यता आहे. रिंगा बसेपर्यंत तेच पाळा.

प्रश्न : माझी फोर-स्ट्रोक २० अश्वशक्तीची आहे. पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० लिहिलंय. गाडीतही मी १०डब्ल्यू-३० च घालतो, मग बोटीचं महाग तेल कशाला? तसं माझं इंजिन तेल मुळीच खात नाही. उलट तेल बघायच्या दांडीवरची पातळी गेल्या महिन्यापासून थोडी वरच सरकली आहे, त्यामुळे मी निर्धास्त आहे.

उत्तर : निर्धास्त राहू नका. पत्राच्या शेवटच्या ओळीतली गोष्ट पहिल्या प्रश्नापेक्षा मोठी आहे, म्हणून तिच्यापासून सुरू करते.

तेल आपोआप वाढत नाही. पातळी वर आली याचा अर्थ आत दुसरं काहीतरी येऊन मिसळतं आहे, आणि बहुतेक वेळा ते पेट्रोल असतं. थंड सिलिंडरच्या भिंतीवर पेट्रोलचे थेंब जमतात आणि रिंगांच्या फटीतून खाली तेलात उतरतात. मोटर नवीन असेल आणि रिंगा अजून नीट बसल्या नसतील तर होतं. गळ टाकून तासन्‌तास अगदी हळू चालवली तर होतं. थर्मोस्टॅट उघडाच अडकला आणि इंजिन गरमच होईना, तरी होतं. दांडी काढून वास घ्या, पेट्रोलचा वास लपत नाही. एक थेंब बोटांत चोळून बघा : चांगल्या तेलाला बुळबुळीत दाटपणा असतो, यात तो नसेल, पाण्यासारखं सुटेल. असं पातळ तेल बेअरिंगांना धरून राहत नाही. तेल आत्ता बदला, थर्मोस्टॅट तपासून घ्या, आणि प्रत्येक फेरीत थोडा वेळ तरी मोटर जोरात चालवा म्हणजे ती पुरती तापेल. बदलल्यावरही पातळी पुन्हा चढली तर कारागिराला दाखवायलाच हवी.

तेल दुधासारखं, कॉफी-रंगाचं झालं असेल तर ते पेट्रोल नाही, पाणी आहे. तसं दिसलं तर मोटर पुन्हा सुरूच करू नका.

दांडी बघतानाही मोटर सरळ उभी हवी, आणि बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली हवीत. तिरकी ठेवून बघितलेली पातळी खोटी असते. तुमची पातळी खरंच वाढली आहे ना, हे आधी असं बघून घ्या.

आता गाडीच्या तेलाचं. टू-स्ट्रोकचं तेल जळून जातं, फोर-स्ट्रोकचं तुम्ही काढेपर्यंत आतच राहतं. म्हणजे मधल्या काळात जे काही आत येईल, पेट्रोल, वाफ, आम्ल, धातूची पूड, ते सगळं त्यालाच सांभाळायचं आहे. गाडी हमरस्त्यावर दोन-अडीच हजार फेऱ्यांवर चालते, तिचं तेल चांगलं तापतं आणि ओल उडून जाते. आउटबोर्ड दुप्पट फेऱ्यांवर फिरते, पण बाहेरच्या पाण्यामुळे थंड राहते, त्यामुळे ओल आतच राहते. मग ती आठवडाभर खाऱ्या हवेत उभी. म्हणून बोटीच्या फोर-स्ट्रोक तेलाला ‘एफसी-डब्ल्यू’ हे वेगळं प्रमाणन आहे, टीसी-डब्ल्यू३ देणाऱ्या संस्थेचंच. त्यात तेल मिठाच्या पाण्यासमोर गंज रोखतं का, सतत घुसळल्यावर दाटपणा टिकवतं का, फेसाळतं का, हे तपासतात.

तरीही घाबरवत नाही. बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तिकांत एपीआय एसजी, एसएच, एसजे, एसएल अशा दर्जाचं आणि सांगितलेल्या ग्रेडचं साधं इंजिन ऑइलही चालेल असं लिहिलेलं असतं. तुमच्या पुस्तिकेत तसं असेल तर दूर कुठे पातळी खाली गेल्यावर गाडीचं तेल थोडं घालून घरी येण्यात काही वावगं नाही. तेल कमी असताना मोटर चालवण्यापेक्षा ते केव्हाही बरं. पण वर्षभरासाठी भरायचं असेल, आणि त्यातही खाऱ्या पाण्यात जात असाल, तर मी एफसी-डब्ल्यूच भरते. आजची गाडीची तेलं मायलेज आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर डोळ्यांसमोर ठेवून केलेली असतात. कन्व्हर्टर बिघडू नये म्हणून त्यांतलं झीज रोखणारं फॉस्फरस मर्यादेत ठेवावं लागतं. तुमच्या मोटरची गरज वेगळी आहे.

१०डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा १०० अंश तापल्यावर ते किती दाट राहतं ते. एफसी-डब्ल्यूमध्येही १०डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-४०, २५डब्ल्यू-४० असे प्रकार येतात. पुस्तिकेत बाहेरच्या तापमानाचा एक पट्टा काढलेला असतो, त्यावर बोट ठेवून निवडा. ‘जाड तेल म्हणजे दणकट’ असं नसतं, थंड इंजिनात जाड तेल वरच्या भागांपर्यंत पोचायला वेळ घेतं.

बदल दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते. नव्या मोटरचा पहिला बदल बऱ्याच पुस्तिकांत २० तासांनी सांगतात. मोटर कोमट असताना काढा, फिल्टर असेल तर तोही बदला. मोटर काही महिने ठेवून देणार असाल तर ठेवण्याआधी बदला, नंतर नाही. वापरलेल्या तेलातलं आम्ल बेअरिंगांवर बसून राहू देऊ नये.

आणि छोटी फोर-स्ट्रोक गाडीत आडवी टाकून नेताना तिच्यावर कोणती बाजू खाली ठेवायची त्याची खूण असते. भलत्या बाजूवर झोपवली तर तेल सिलिंडरमध्ये शिरतं.

प्रश्न : पंख्याजवळच्या भागातलं तेल बदलायला काढलं तर ताकासारखं पांढरट निघालं. नवीन भरून वापरू का? दुकानात गिअर ऑइल संपलं होतं, इंजिन ऑइल भरलं तर?

उत्तर : आधी दुसऱ्याचं सांगते : इंजिन ऑइल नको. पंख्याजवळच्या गिअरांच्या डब्यात उभा दांडा फिरतो आणि त्याची ताकद शंकूच्या आकाराच्या गिअरांतून आडव्या दांड्यावर वळते. दात एकमेकांवर इतक्या जोराने दाबतात की साधं तेल मधून पिळून निघतं. गिअर ऑइलमध्ये गंधक-फॉस्फरसचे घटक असतात, ते दाताच्या धातूवर पातळ थर धरतात. तेलाचा डबा उघडल्यावर येणारा उग्र वास त्या गंधकाचाच. बहुतेक मोटारींना एपीआय जीएल-५ दर्जाचं, एसएई ९० किंवा ८०डब्ल्यू-९० लागतं. गाडीच्या डिफरन्शियलचं तेलही त्याच दर्जाचं असतं, पण बोटीसाठी बनवलेलं तेल थोडं पाणी शिरलं तरी वंगण आणि गंजरोध टिकवतं, म्हणून तेच घ्या.

आता तो ताकासारखा रंग. तेल बदलल्याने पाणी थांबणार नाही. हे तेल ना जळतं, ना फिरून शुद्ध होतं. बंद डब्यात बसून राहतं, आणि त्या डब्याच्या भिंतीपलीकडे कायम पाणी आहे. कुठूनतरी ते आत आलं आहे. पंखा काढून बघा. दांडा जिथे बाहेर येतो तिथे मला कितीतरी वेळा नायलॉनची दोरी गुंडाळलेली सापडली आहे. गळाची ती पारदर्शक दोरी, लांबून दिसतही नाही. ती फिरत फिरत सीलच्या ओठाखाली शिरते, घर्षणाने तापते आणि रबर कापते. एकदा तर चिमट्याने ओढत गेले तर हातभर लांब निघाली, आणि सीलवर नखाने कोरावी तशी खाच. दोरी काढली म्हणजे झालं असं नाही, सील बदलावंच लागतं.

दुसरी जागा म्हणजे तेल भरायच्या-काढायच्या भोकांवरच्या दोन स्क्रूंखालचे वॉशर. जुनेच पुन्हा लावले जातात, आणि तिथून पाणी मुरतं. दर वेळी नवे घाला. सील बदलल्यावर कारागिराकडून हवेचा हलका दाब देऊन गळती तपासून घ्या. पाणी आत राहिलं तर बेअरिंगांना गंज धरतो, आणि जिथे गोठण्याइतकी थंडी पडते तिथे बर्फ होऊन डबाच तडकतो.

पुढच्या वेळी असं तपासा. मोटर रात्रभर उभी ठेवा, सकाळी खालचा स्क्रू थोडासाच सैल करा. पाणी जड, ते तळाशी उतरलेलं असतं, म्हणून पहिले थेंब बघा. पाणी आलं तर शंकाच नको. स्क्रूच्या टोकाला चुंबक असेल तर त्यावर पिठासारखी बारीक करडी पूड चालेल, टोचणारे तुकडे चालणार नाहीत.

भरायचं खालून. खालच्या भोकात नळी लावून तेल चढवत न्या, वरच्या भोकातून बुडबुडे न येता सलग धार आली की आधी वरचा स्क्रू लावा, मग नळी काढून खालचा. वरून ओतलं तर आत हवा अडकते, डबा भरलेला वाटतो आणि अर्धा रिकामा असतो. काही जुन्या मोटारींवर याच भागात अधिक चिन्हाच्या खाचेचा एक छोटा स्क्रूही असतो. तो तेलाचा नाही, गिअर टाकायच्या यंत्रणेचा आहे. तो काढला की आतला जोड सुटतो आणि डबा उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. हात लावू नका.

काही छोटे प्रश्न एकत्र घेते.

निळं तेल चांगलं की हिरवं? रंग फक्त पेट्रोलमध्ये तेल मिसळलं आहे हे दिसावं म्हणून घालतात. त्यावरून दर्जा कळत नाही. पण एक फायदा आहे : टाकीतलं पेट्रोल अगदीच बिनरंगी दिसलं तर दोरी ओढायच्या आधी थांबा, कदाचित कुणीच तेल घातलेलं नाही.

दोन कंपन्यांची टीसी-डब्ल्यू३ एकत्र चालतील का? टाकीत कधीतरी झाली तर चालतात. तेलाची वेगळी टाकी असलेल्या मोटरमध्ये मात्र मी शक्यतो एकच ठेवते, आणि एफसी-डब्ल्यू आणि टीसी-डब्ल्यू३ एकमेकांत कधीच नाही. एक जळायचं तेल, एक राहायचं.

सिंथेटिक घ्यावं का? धूर कमी होतो, काजळी कमी धरते, परवडत असेल तर घ्या. पण साधं, प्रमाणित, मोजून घातलेलं तेल अंदाजाने ओतलेल्या सिंथेटिकपेक्षा कैक पटींनी चांगलं.

थेट इंजेक्शनची, म्हणजे पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये फवारणारी टू-स्ट्रोक आहे, टीसी-डब्ल्यू३ पुरेल का? अक्षरांवर थांबू नका. या मोटारी फार थोड्या तेलावर चालतात आणि बऱ्याच कंपन्या त्यांच्यासाठी वरच्या दर्जाचं खास तेल सांगतात. पुस्तिकेत जे नाव आहे तेच घाला.

प्रश्न : गेल्या हंगामातलं तेल मिसळलेलं सात-आठ लिटर पेट्रोल टाकीत तसंच आहे. मोटर त्याच्यावर चालू होते, पण अडखळते. फेकायला जीव होत नाही. नवं पेट्रोल घालून संपवू का?

उत्तर : नको. हे मी दोन वर्षांपूर्वी असंच आलेल्या एका टाकीत स्वतः बघितलं आहे. तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून खिडकीत ठेवलं. थोड्या वेळाने मधोमध रेघ दिसायला लागली : वर निळसर थर, खाली स्वच्छ, बिनरंगी थर, पाण्यासारखा.

आजच्या पेट्रोलमध्ये बऱ्याचदा इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं, आणि फार झाली की पाणी घेऊन पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं. तेल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. मोटरची नळी तळातून ओढते. म्हणजे तुम्ही मोजून तेल घातलं असलं तरी इंजिनला पोचतं ते पाणी आणि इथेनॉल, तेलाचा थेंबही नसलेलं. तुमची मोटर अडखळते त्याचं कारण हेच असण्याची शक्यता मोठी आहे. वरून नवं पेट्रोल घातल्याने तळाचा थर जात नाही.

बरणीत काढून बघा. रेघ दिसली किंवा पेट्रोलला आंबट, वार्निशसारखा वास आला, तर ते वापरू नका आणि पाण्यात किंवा मातीतही ओतू नका, जुनं तेल आणि इंधन जिथे घेतात तिथे द्या. टाकी धुऊन वाळवा, नळीवरचा रबरी फुगा आणि फिल्टर रिकामे करा, कार्ब्युरेटरच्या वाटीतलं काढून टाका, प्लग बदला. मग दहाच लिटर पेट्रोल आणा, ५०:१ असेल तर २०० मिलिलिटर तेल मोजून घाला, टाकी हलवा आणि दोरी ओढा. यापुढे महिनाभरात संपेल एवढंच मिसळत जा.